टाकणे आणि त्याग

मूर्तिजापूर जंक्शनवर मुंबई-हावडा मार्गाला दोन बारीक फाटे फुटतात. एक कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जातो, तो सुमारे ११३ किलोमीटरचा. दुसरा दर्यापूर, अंजनगाव सुर्जी करत अचलपूरला, तो सुमारे ७६ किलोमीटरचा. रूळ अडीच फुटी नॅरोगेजचे. किलिक निक्सन कंपनीने १९१० मध्ये उभ्या केलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने ही लाइन वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी टाकली आणि लोकांनी गाडीचे नाव ठेवले शकुंतला. गेली काही वर्षे दोन्ही फाट्यांवर गाडी बंद आहे. ती पुन्हा सुरू करावी की कायमची सोडून द्यावी, यावर अर्ज झाले, आंदोलने झाली, ब्रॉडगेजच्या घोषणा झाल्या. वाद मात्र ठरलेल्या दोन वाटांनीच जातो. एक पक्ष तोट्याचा हिशेब मांडतो, दुसरा गरिबांच्या लाडक्या गाडीच्या आठवणी काढतो. पहिला दुसऱ्याला मनातून म्हणत असतो, हा मोह आहे, सोडा आता. मला हा शब्दच तपासावासा वाटतो. मोह नेमका कुणाला झाला आहे?

धरून ठेवणे म्हणजे मोह आणि सोडणे म्हणजे वैराग्य, असे आपण सहज समजून चालतो. गीतेचा अठरावा अध्याय तसे म्हणत नाही. तिथे त्यागाचेच तीन प्रकार केले आहेत. वाट्याला आलेले कर्तव्य मोहापायी सोडणे हा तामस त्याग. त्रास होतो, अंगाला झळ लागते म्हणून सोडणे हा राजस. कर्तव्य करत राहून त्याचे फळ आणि त्याची ओढ सोडणे, तोच सात्त्विक. म्हणजे मोह धरण्यात असतो तसा सोडण्यातही असतो. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी उतरवून घेतली म्हणून मराठी घरांत पोचली. त्या प्रवचनांचा शेवटही फलत्यागापाशीच होतो. ही कसोटी शकुंतलेला लावली की ‘परवडत नाही, म्हणून बंद’ हे वाक्य त्यागाचे राहत नाही. झळ लागली म्हणून हात काढून घेणे एवढाच त्याचा अर्थ. हात काढून घेणे कधी गरजेचे असते, हे मला मान्य आहे. त्याला व्यवहार म्हणावे. वैराग्याचा साज त्याला चढवू नये.

पण कर्तव्य कुणाचे, आणि कशाविषयीचे? लोखंडाशी माणसाचे कसले कर्तव्य असणार? मिलिंदपञ्ह या बौद्ध ग्रंथात भिक्खू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि शेवटी रथ हे एक व्यवहाराचे नाव उरते. शकुंतलेचेही तसेच आहे. मँचेस्टरला १९२१ मध्ये तयार झालेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ च्या एप्रिलमध्ये उतरले, त्याच्या जागी डिझेल आले, तरी लोक तिला शकुंतलाच म्हणत राहिले. तेव्हा इंजिन म्हणजे शकुंतला नव्हे. शेवटच्या काळात स्टेशनांवर तिकीटबाबू उरले नव्हते. गाडीबरोबरचा गार्डच उतरून तिकिटे फाडायचा आणि मग झेंडी दाखवायचा. तेव्हा स्टेशन म्हणजेही शकुंतला नव्हे. रुळांची रुंदीही नव्हे, कारण त्या रुंदीनेच तर तिचा घात केला. कापसाची गठाण मूर्तिजापूरच्या मालधक्क्यावर छोट्या वाघिणीतून उतरवायची आणि हमालांच्या पाठीवरून मोठ्या वाघिणीत चढवायची, ही दुहेरी मजुरी त्या अडीच फुटांमुळेच पडे. ट्रक शेताच्या बांधाशी येऊन थेट जिनिंगला जायला लागला तेव्हा हा खेळ संपला. हे सगळे वजा केल्यावर उरते काय? सार्वजनिक कामासाठी वेगळी काढलेली जमिनीची एक सलग पट्टी आणि तिच्यासोबत आलेला शब्द, की या गावांचा माल आणि माणसे इथून स्वस्तात बाहेर जातील. कर्तव्य त्या शब्दाचे आहे. गाडी फक्त तो पाळण्याचे साधन होती.

यावर पहिला आक्षेप ताकदीचा आहे. असा शब्द मुळात दिलाच कुणी होता? परक्या कंपनीने इथला कापूस विलायतेतल्या गिरण्यांसाठी नेला. लोकांची सोय हा त्यातून गळालेला चुरा. गांधीजींनी १९०९ मध्ये हिंद स्वराज्यात रेल्वेवर असाच घाव घातला होता. रेल्वेमुळे धान्य जास्त भावाच्या गावी निघून जाते आणि दुष्काळ वाढतो, हा त्यांचा युक्तिवाद वऱ्हाडच्या कापसाला जसाच्या तसा लागू पडतो. पण त्याच गांधींनी पुढे तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून देश पालथा घातला आणि त्या डब्यांच्या दुर्दशेवर लिहिले. एखादी वस्तू पापातून जन्मली म्हणून तिच्यावर पोट आणि प्रवास अवलंबून असलेल्यांचा हक्क रद्द होत नाही. उलट ज्या कंपनीने शंभर वर्षे इथून नेले, तिच्यावर ऋण जास्त चढते. ते ऋण आज कुणाकडे आले हा प्रश्न खरा अवघड आहे. रेल्वेच्या राष्ट्रीयीकरणातून ही लाइन सुटली. मालकी कंपनीची आणि चालवणारी मध्य रेल्वे, अशा दुहेरी संसारात दुरुस्तीचा खर्च ज्याच्या त्याच्या दृष्टीने नेहमी दुसऱ्याचाच राहिला. (कालिदासाच्या दुष्यंताला निदान शापाची सबब होती. इथे करारनाम्याची अंगठी फायलीत शाबूत असूनही ओळख पटली नाही.)

दुसरा आक्षेप पैशाचा. २०१६ च्या सुमारास ब्रॉडगेजची घोषणा झाली तेव्हा सुमारे १,५०० कोटींचा आकडा सांगितला गेला. एवढ्या पैशात दवाखाने होतील, रस्ते होतील. आणि आज रेल्वेला चाळीस-पन्नास वाघिणींचा पूर्ण रेक हवा असतो, तो अंजनगावच्या पानमळ्यांतून किंवा अचलपूरच्या संत्र्यांतून कोण भरणार? या आक्षेपात तथ्य आहे, आणि केवळ आठवणींच्या जोरावर बोलणाऱ्यांकडे याला उत्तर नाही. जुनी गाडी पर्यटकांसाठी खेळण्यासारखी चालवावी, ही सूचना तर मला सर्वांत पोकळ वाटते. तिच्यात देह राहतो आणि शब्द जातो. पण आक्षेप खरा धरला तरी त्यातून निघते एवढेच, की शब्द पाळण्याचे हे साधन महाग आहे. शब्द संपला, असे त्यातून निघत नाही. दवाखान्याचे पैसे रेल्वेत घालू नका म्हणणाऱ्याने त्या पट्ट्यात दवाखाना झाला का, हेही पाहिले पाहिजे. एरवी लाइन बंद झाल्यावर वाचलेला पैसा त्याच लोकांकडे वळतो असे गृहीत धरायला काही आधार नाही.

त्याग कसा दिसतो याचा दाखला याच मुलुखात आहे. गाडगेबाबांचे बालपण मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला मामाच्या घरी गेले. त्यांनी पूर्णाकाठच्या ऋणमोचनला घाट बांधवला, मूर्तिजापूरला, नाशिकला, पंढरपूरला धर्मशाळा उभ्या केल्या आणि त्यांपैकी एकीतही स्वतःसाठी ओसरी राखली नाही. पण या धर्मशाळा त्यांनी वाऱ्यावरही सोडल्या नाहीत. विश्वस्त नेमले, कागद केले, उद्या दिवा कोण लावणार हे ठरवले आणि मग खराटा घेऊन पुढच्या गावी निघाले. सोडण्याआधी सोपवणे, हा त्या वैराग्याचा कणा होता. शकुंतलेच्या बाबतीत सोपवणे झालेच नाही. गाडी बंद झाली ती एका स्पष्ट निर्णयाने कायमची नव्हे; ती बंद पडली आणि तशीच राहू दिली गेली. न चालवणे आणि न सोडणे अशा अवस्थेत रुळांवर गवत वाढते, पट्टीवर अतिक्रमण होते, आणि एक दिवस म्हणायला सोपे जाते की आता काही शक्यच नाही.

म्हणून माझे म्हणणे असे, की लाइन बंद करायचा अधिकार रेल्वेला जरूर असावा, पण तो स्टेशनागणिक वापरावा. प्रत्येक गावापुढे लिहावे की इथली जबाबदारी आता कुणी उचलली. यवतमाळपुढे उत्तर लिहिता येते: वर्धा-यवतमाळ-नांदेड या २८४ किलोमीटरच्या ब्रॉडगेजचे काम चालू आहे आणि २०२४ च्या फेब्रुवारीत वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी सुरूही झाली. तिथली शकुंतला खुशाल सोडावी, मला दुःख नाही. कारंजा, दर्यापूर, अंजनगाव आणि अचलपूर यांच्यापुढे लिहायला अजून काही नाही. तोपर्यंत त्या पट्टीतली एक गुंठा जमीनही दुसऱ्या कामाला देऊ नये.