त्याग कोणता, सांभाळ कोणता?

ज्या घरी अपत्य जन्मतःच इतके विकल असते की त्याला उठता-बसता, घास गिळता वा मनातले सांगता येत नाही, त्या घरातील मातापित्यांपुढे एक कठीण धर्मप्रश्न उभा राहतो. मूल लहान असते तोवर आई त्याला कडेवर घेते. पुढे ते चौदा-पंधरा वर्षांचे होते आणि आईचे गुडघे थकतात. वेळोवेळी कूस बदलली नाही तर त्याच्या पाठीला व्रण पडतात; घाईने भरवलेला घास श्वासनलिकेत जातो. 'याला निवासी संस्थेत ठेवावे काय?' असा विचार मनात येतो आणि लगेच मन दचकते, 'हा कर्तव्याचा त्याग तर होणार नाही ना?'

आप्तेष्टांचे उत्तर बहुधा तयार असते: ज्याचे त्याचे प्रारब्ध! परंतु चौथ्या अध्यायात भगवंतांनी कर्माची गती गहन म्हटली आहे. दुसऱ्याच्या अंथरुणापाशी उभे राहून ती मोजण्याचा अधिकार कोणाला आहे? मुलाचे प्रारब्ध काहीही असो, पाहणाऱ्याचे क्रियमाण कर्म त्याच्या स्वतःच्या हाती आहे. तहानलेल्याला पाणी न देता त्याच्या पूर्वसंचिताची चर्चा करणे, याला ज्ञान म्हणता येत नाही.

मातापित्यांच्या प्रश्नाचा उलगडा अठराव्या अध्यायातील त्यागाच्या विवेचनात सापडतो. नियत कर्म मोहाने सोडणे हा तामस त्याग. देहाला क्लेश होतील या भयाने सोडणे हा राजस. आणि आसक्ती व फलाशा सोडून ते कर्तव्यबुद्धीने करीत राहणे हा सात्त्विक त्याग होय. कष्ट चुकावेत म्हणून मुलाला संस्थेच्या दारी सोडून पुन्हा तिकडे न फिरकणारा पिता राजस त्यागाचाच धनी ठरतो. परंतु आपले थकलेले हात मुलाला सुखरूप उचलू शकत नाहीत हे ओळखून, त्याच्याच हितासाठी समर्थ हातांची जोड घेणे, हा त्याग नव्हे. मात्र तेथे वरचेवर जावे, त्याची पाठ स्वतः पाहावी, सणासुदीला त्याला घरी आणावे. नाते तुटू देऊ नये. उलट, मुलाला इजा होत असताही 'माझे मूल मीच सांभाळीन' असा हट्ट धरणे, यात पुष्कळदा वात्सल्यापेक्षा अहंकारच अधिक असतो.

पण असे समर्थ हात समाजानेच पुरवावयाचे असतात. रायपूर येथे १९३५ साली स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ दिव्यांग मुलींसाठी निवासगृह चालविते. रायपूर आणि वऱ्हाड १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होते. त्या वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे, गाडगेबाबांच्या मार्गाने जाणाऱ्या शंकरबाबा पापळकर यांनी आईबापांनी टाकून दिलेल्या १२३ दिव्यांग मुलांना पिता म्हणून आपले नाव दिले. २०२४ साली पद्मश्री देऊन त्यांचा गौरव झाला. अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून अशा मुलांना बालगृहाबाहेर काढू नये, हा त्यांचा आग्रह आहे. कायद्याच्या दृष्टीने बालपण अठराव्या वर्षी संपते. घास भरविणाऱ्या हाताची गरज संपत नाही. म्हणून मातापित्यांनीही दूरदृष्टी ठेवावी. मतिमंदत्व, मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता वा बहुविध अपंगत्व असलेल्या व्यक्तीसाठी, ती अठरा वर्षांची झाल्यावर, १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून पालक नेमून घेता येतो.

उरलेल्या गृहस्थांचे कर्तव्य काय? जो परतफेड करू शकत नाही त्याला कर्तव्य म्हणून दिलेले दान सात्त्विक, असे सतराव्या अध्यायात सांगितले आहे. जे मूल उपकार तर राहोच, उपकारकर्त्याचा चेहराही कदाचित ओळखणार नाही, त्याची सेवा ही या वचनाची खरी परीक्षा होय. घरच्या वाढदिवशी तेथे मिष्टान्न देऊन छायाचित्र काढणे सोपे असते. एखाद्या साध्या दिवशी, काही निमित्त नसताना जाऊन, एका मुलाला अर्धा तास सावकाश भरविणे कठीण आहे. तेथे रात्रंदिवस राबणाऱ्या सेविकांना पुरेसे वेतन व मान मिळतो की नाही, याची चौकशी करणे त्याहून कठीण. तरी तेही दानाचेच अंग आहे.

'आमच्यामागे याचे कोण?' हा त्या मातापित्यांचा नित्याचा घोर असतो. सर्व भूतांत सम राहिलेल्या परमेश्वराला जो पाहू इच्छितो, त्याने या प्रश्नाला आपल्या परीने, आपल्याच गावात, उत्तर द्यावे.