किल्लीने कोरलेला 'स'

लडाखमध्ये आलचीच्या पुलाजवळ, सिंधूच्या काठी, काळ्या चकचकीत दगडांवर आयबेक्स कोरलेले आहेत. लांब, मागे वळलेल्या शिंगांचे रानबोकड आणि धनुष्य ताणलेले शिकारी. त्यातले काही हजारो वर्षांपूर्वीचे. एकोणीस वर्षांचा असताना मी तिथल्याच एका दगडावर बाइकच्या किल्लीने 'स' कोरला. काळ्याखालून फिकट दगड निघाला, मस्त दिसला, फोटो काढला.

तो काळा रंग दगडाचा नव्हेच, हे खूप नंतर वाचलं. तो लेप असतो, रॉक वार्निश. वाऱ्याने आलेली माती, लोह आणि मँगनीज. जाडी साधारण केसाएवढी, आणि वाढ हजार वर्षांत जेमतेम काही मायक्रॉन. तो बनतो कसा, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. 2021च्या एका अभ्यासानुसार यात क्रोकोकोसिडिऑप्सिस नावाच्या सायनोबॅक्टेरियांचा हात आहे. रणरणत्या उन्हात जगायचं म्हणून ते पेशींमध्ये मँगनीज साठवतात. मेले की मँगनीज दगडावर उरतं. म्हणजे मी खरवडली ती अगणित पिढ्यांची शिल्लक.

मग वाईट वाटलं. पण नेमकं कशाचं? आयबेक्स कोरणाऱ्यानेही हाच लेप फोडला होता. त्याचं ते वारसा, माझं ते विद्रूपीकरण? त्याची कला होती म्हणावं, तर तोही कदाचित दुपार घालवत असेल, मित्रांपुढे शायनिंग मारत असेल. जुन्या कोरीवकामावर आता पुन्हा लेप चढलाय. बॅक्टेरियांनी चित्र आणि चरा असा भेद केलेला नाही. त्यांना दुखलं असंही मी म्हणणार नाही, ते उगाच हळवं होईल. ज्याची माफी मागता येईल असं तिथे कुणीच नाही, आणि तरी चूक झाली आहे. हे मला अजून नीट मांडता येत नाही. एवढंच दिसतं, की त्याने निदान आयबेक्सकडे नीट पाहिलं होतं. मी दगडाकडेसुद्धा पाहिलं नव्हतं.

मागच्या वर्षी परत गेलो. 'स' कालच कोरल्यासारखा फिकट. शेजारी दोन नवी नावं आणि एक बदाम. खिशात काळा मार्कर होता, माझं अक्षर तरी झाकावं म्हणून मुद्दाम नेलेला. टोपण काढलं, पुन्हा लावलं. खाली गाडीवाला हॉर्न देत होता.