झाडवालं घर

जेद्दा शहराच्या जुन्या भागाला तिथले लोक नुसतं ‘अल-बलद’ म्हणतात. बलद म्हणजे गाव. तांबड्या समुद्रातला प्रवाळ-दगड कापून बांधलेली उंच घरं, त्यांना लाकडी जाळीचे सज्जे आणि घरांमधून बंदराच्या बाजूकडून मक्का दरवाजाकडे जाणारा अल-अलवी बाजार. बोटीतून उतरलेला यात्रेकरू शतकानुशतकं याच वाटेने मक्केकडे निघत असे. कापड, मसाले, ऊद, लोबान यांचा वास आजही त्या गल्लीत दरवळतो.

याच बाजारात नसीफ या व्यापारी घराण्याचा वाडा आहे, 1870 च्या दशकात बांधायला घेतलेला. वाडा भव्य आहे, पण त्याची ओळख वेगळीच. लोक त्याला ‘झाडवालं घर’ म्हणत. दारात एक कडुनिंब आहे आणि कित्येक वर्षं गावाभोवतीच्या तटाच्या आतलं ते एकमेव झाड मानलं जाई.

एकमेव का, हे त्या गावाचं पाणी सांगतं. जेद्दात तेव्हा गोड पाण्याची फार टंचाई असे. पावसाचं पाणी टाक्यांत साठवायचं, नाहीतर विकत घ्यायचं. अशा गावात रोप जगतं तेव्हा कुणीतरी आपल्या घोटातला घोट त्याला दिलेला असतो. त्या निंबाची सावली म्हणजे असं वर्षानुवर्षं साठत गेलेलं पाणीच.

मुंबईच्या गोदीतून बोटीने निघालेले हाजी 1995 पर्यंत जेद्दाच्याच धक्क्यावर उतरत. त्यांतल्या कुणी कोकणातल्या म्हाताऱ्याने बाजारातून जाताना वर पाहिलं असेल आणि परक्या मुलखात आपल्या अंगणातली पानं ओळखून त्याला हायसं वाटलं असेल.

गावाचा तट 1947 मध्ये पाडला गेला. 2014 मध्ये हा भाग युनेस्कोच्या जागतिक वारशात आला. पण वारशाचा खरा अर्थ मला त्या नावात सापडतो. एवढा मोठा वाडा, कोरीव सज्जे, मालकाचा दबदबा. तरी पत्ता सांगताना लोकांनी झाडाचं नाव घेतलं. घरातल्या खोल्या घरच्यांच्या होत्या, सावली येणाऱ्याजाणाऱ्या साऱ्यांची होती.

आपलं घर लोक कशावरून ओळखतात? आज दाराबाहेर तांब्याभर पाणी ओतताना एवढं मनाला विचारावं.