घरच्या तपासणीला माणसाची जोड हवी

केडगावहून पुण्याला तपासणीसाठी जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. गाडी, रांग आणि परतीची वाट यांत शेतमजूर बाईच्या रोजाचा खाडा होतो. म्हणून संशोधनासाठी रक्तदाब, साखर घरीच मोजण्याची पद्धत मला मोलाची वाटते. जी बाई दवाखान्यापर्यंत पोचतच नाही, तिचं आरोग्य एरवी नोंदवलंच जात नाही. शिवाय डॉक्टरांसमोर अनेकांचा रक्तदाब चढतो. घरचा आकडा रोजच्या जगण्याला अधिक धरून असतो.

पण तो नीट घेतला तरच. पाच मिनिटं शांत बसावं, पाठ टेकलेली असावी, दंड हृदयाच्या पातळीत असावा, आधी अर्धा तास चहा-तंबाखू टाळावी. माझी आई मिसरी लावून, चुलीपुढून उठून थेट यंत्रापाशी यायची. यंत्र बरोबर होतं. पण तो आकडा आजाराचा की मिसरीचा आणि धावपळीचा, हे लांबून कोणाला कळणार?

सरावलेलं माणूस दारी गेलं की काय साधतं, ते एका अभ्यासात दिसतं. पुण्यातल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. कार्यकर्त्या दर महिन्याला घरोघर जाऊन पाळीच्या तारखा नोंदवत. बाळ जन्मल्यावर 72 तासांच्या आत त्याची मापं घेतली जात. इथल्या बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो भरलं. तरीही आपल्या किडकिडीत बाळांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. ही चरबी टिपायची तर चिमट्यात धरलेल्या त्वचेच्या घडीतले मिलिमीटर मोजायला सरावलेला हातच लागतो.

दुसरी अडचण नाजूक आहे. दोन खोल्यांच्या घरात एकांत कुठला? गर्भपात, क्षयरोग, मारहाण यांविषयी सून सासूदेखत काय बोलणार? मोबाईल नवऱ्याचा असेल, तर संमतीही त्याचीच ठरते आणि निकालही तोच आधी वाचतो. दवाखान्यात निदान दार लावून बोलता येतं.

म्हणून संशोधकांना विनंती: यंत्र जरूर घरी पाठवा, पण पहिल्यांदा मोजताना शिकवलेली कार्यकर्ती शेजारी असू द्या. नाजूक प्रश्न विचारायला घराबाहेरची, बाईच्या सोयीची जागा ठेवा. आणि निकाल आधी तिलाच, तिला समजेल अशा भाषेत सांगा. एवढं करणार नसाल, तर प्रवासखर्च आणि बुडालेला रोज देऊन तिला दवाखान्यातच बोलवा.