सर्वांभूती एकच ‘आहे’पण

दुसऱ्या महायुद्धातील कल्याणची लष्करी छावणी १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी निर्वासितांचे आश्रयस्थान झाली. १९४९ मध्ये तिचे ‘उल्हासनगर’ असे नामकरण झाले. बराकींची घरे झाली. नाम पालटले, रूपही पालटले.

वेदान्तानुसार प्रत्येक वस्तूत अस्ति, भाति, प्रिय, नाम व रूप असे पाच अंश असतात. शेवटचे दोन भिन्न व नाशवंत. पहिले तीन सर्वत्र समान, तेच ब्रह्म. गाव व घरदार गमावून कॅम्प १ मध्ये आलेल्यांचे ‘आहे’पण मात्र सिंधमध्ये राहिले नाही.

झुलेलालांपुढील ज्योत व जल, अंबरनाथच्या शके ९८२ मधील शिवालयाचा पाषाण, दाराशी आलेला निराश्रित, या सर्वांत तेच नांदते. भाविकांनी कोणासही परके मानू नये, हेच खरे दर्शन होय.