वजन कुठे जातं

बसा. शहाड स्टेशनजवळच्या पुलावरून मुरबाडकडे जाणाऱ्या ट्रकचा आवाज येत असेल, तर येऊ द्या. यातलेच काही भिवंडीच्या गोदामांत भरले गेले असतील. पाठ सैल सोडा, तळवे जमिनीला लागू द्या. आपलं वजन या क्षणी कुठे टेकलं आहे, तेवढंच पाहा.

आता डोक्यावर चुंबळ आहे. तिच्यावर शंभर किलोची गोणी. वजन मानेत उतरतं, मणक्यामणक्यातून कमरेत, गुडघ्यात, टाचेत. अशी ओझी वाहणाऱ्यांसाठीचा माथाडी कायदा महाराष्ट्रात झाला १९६९ साली. त्याच्याआधीच्या किती माना अशाच झिजल्या! इथे थोडं थांबा. पुढे जायची घाई नाही.

गोणी उतरवा. समोरच्या लाकडी पॅलेटवर तिच्यासारख्या आणखी गोण्या रचल्या आहेत. हातानं ओढायच्या पॅलेट ट्रकचे दोन दात जमिनीपासून जेमतेम ८५ मिलिमीटर उंच असतात. ते पॅलेटखाली सरकवा. दांडा मारा, श्वासाच्या लयीत. लहान पंपातलं तेल मोठ्या सिलिंडरमध्ये शिरतं. हात वीतभर फिरतो तेव्हा माल नखभर उचलला जातो, पण दोन टनसुद्धा उचलला जातो. वजन आता मानेत नाही. तेलातून चाकांत, चाकांतून फरशीत गेलं आहे.

मुठीजवळचा खटका मधोमध आणा. दांडा मोकळा झाला, तरी माल वरच आहे. मला या साऱ्या यंत्रांत हीच जागा सर्वांत जवळची वाटते. भार पेललेला, हात सैल. इथे चार श्वास राहा.

मग फोर्कलिफ्ट. तिचा माल पुढच्या चाकांच्याही पुढे असतो. मागे जड लोखंडी ठोकळा बसवलेला असतो. तो काहीच उचलत नाही, नुसता मागे असतो. पुढची चाकं तराजूच्या टेकूसारखी. लक्ष आपल्या पाठीमागे न्या. चालताना दात जमिनीलगत, दात धरणारा उभा सांगाडा, म्हणजे मास्ट, किंचित मागे कललेला. माल उंच धरून वळलं की गाडी कलंडू शकते. भरलेली गाडी उतारावरून मागे-मागे उतरवतात, माल चढाकडे ठेवून.

रॅकमधल्या अरुंद वाटेत रीच ट्रक चालतो. तो दात लांबवून माल घेतो, आणि मग आपल्या दोन पायांच्या मध्ये ओढून घेतो. झोपलेलं मूल पाळण्यातून उचलताना आपणही हात लांब करतो आणि लगेच छातीशी घेतो. ती ओढ दंडात जाणवते का, पाहा.

आता पॅलेट ट्रककडे परत या. खटका ओढा, अगदी हलका. तेल मागे फिरतं, पॅलेट फरशीला टेकतं. दात बाहेर काढा. मान एकदा डावीकडे वळवा, एकदा उजवीकडे. चुंबळ सोडा, तिचं फडकं झटकून खांद्यावर टाका.