न तुटलेल्या क्रँकची साक्ष

एखादी गोष्ट आजवर घडली नाही, एवढ्यावरून ती घडणारच नाही असे मानता येते काय, हा प्रश्न भारतीय न्यायशास्त्राने अभावाच्या विवेचनात बारकाईने हाताळला आहे. आणि त्या विवेचनाची कसोटी पाहण्यास महाड-पोलादपूरच्या घाटांत चढणाऱ्या गाडीच्या इंजिनाला बसवलेले एक लहानसे चाकही पुरेसे आहे. पिस्टनची वरखाली होणारी हालचाल ज्या दांड्यामुळे फिरत्या गतीत बदलते त्यास क्रँकशाफ्ट म्हणतात. त्याच्या टोकावरील क्रँक पुलीवरून गेलेला पट्टा अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर आणि काही गाड्यांत पाण्याचा पंपही फिरवतो. मूळची जड पुली काढून बाजारातील ॲल्युमिनियमची हलकी, अनेकदा कमी व्यासाची पुली बसवली, की इंजिनावरचा भार थोडा घटतो आणि पिकअप सुधारल्याचे चालकास जाणवते. हा लाभ लहान असला तरी खोटा नाही.

परंतु अनेक इंजिनांत मूळची पुली केवळ पट्टा फिरवण्यासाठी नसते. चार सिलिंडरच्या चारस्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट होतात, म्हणजे मिनिटाला ३००० फेरे असताना तासाला ३ लाख ६० हजार. प्रत्येक स्फोटाने पोलादी दांडा किंचित पिळला जाऊन पुन्हा सरळ होतो, आणि या पिळण्याची लय दांड्याच्या स्वाभाविक लयीशी जुळली तर कंप वाढत जातो. तो शमवण्यासाठी पुलीचा आतला भाग आणि बाहेरचे जड कडे यांच्यामध्ये रबराचे वलय बसवलेले असते. कड्याचा जडपणा कंपाच्या विरुद्ध ओढ घेतो आणि रबर त्या कंपाची उष्णता करून टाकते. वलय नसलेली सलग पुली बसवली की हे काम थांबते, आणि तरीही त्या दिवशी, त्या महिन्यात, कदाचित त्या वर्षीही काहीच घडत नाही.

प्रश्न येथे सुरू होतो. न्यायदर्शनात शेषवत् अनुमान म्हणून जो प्रकार सांगितला आहे, म्हणजे कार्यावरून कारणाचे अनुमान, त्याचे परंपरागत उदाहरण नदीच्या पुराचे आहे: पाणी चढलेले दिसले, तेव्हा वर कोठेतरी पाऊस झाला असला पाहिजे. महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या सावित्रीच्या काठी राहणाऱ्या माणसाला हे अनुमान पोथीतून शिकावे लागत नाही. तिच्याच काठच्या सव या गावी गरम पाण्याची कुंडे आहेत, आणि तेथेही न दिसणाऱ्या उष्णतेचे ज्ञान दिसणाऱ्या पाण्यावरून होते. कंपशामक पुलीच्या बाबतीत मात्र अनुमानाला धरायला कार्यच नाही, कारण तिचे सारे कर्तृत्व एका न घडलेल्या घटनेत आहे. जे काम अभावरूपाने होते, त्याची प्रचीती चालकाच्या हाताला कशी यावी? दासबोधाची रचना जेथे झाली असे परंपरा मानते ती शिवथरघळ महाड तालुक्यातच आहे, आणि त्या ग्रंथाने प्रचितीला दिलेले मोल प्रसिद्ध आहे. पण गाडी हलकी पळते ही प्रचीती पिकअपची असते, क्रँकच्या आरोग्याची नव्हे, आणि एका विषयाची प्रचीती दुसऱ्या विषयाला साक्ष म्हणून उभी करणे हा तर्कदोष आहे.

तर्कसंग्रहात अभावाचे चार प्रकार दिले आहेत. त्यांपैकी प्रागभाव म्हणजे वस्तू उत्पन्न होण्यापूर्वीचा तिचा अभाव, ज्याला आरंभ नाही पण अंत आहे. अत्यंताभाव म्हणजे तिन्ही काळी असणारा अभाव. ‘इतके किलोमीटर चालवली, काही झाले नाही’ असे म्हणणारा मालक खरे तेच सांगत असतो, फक्त प्रागभावाला अत्यंताभाव समजतो. धातूचा थकवा, म्हणजे वारंवार पडणाऱ्या ताणाने सूक्ष्म चीर पडून ती वाढत जाणे, याच प्रागभावाच्या आड चालतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीच्या पुरात कोसळलेला ब्रिटिशकालीन दगडी पूलही आदल्या दिवसापर्यंत उभाच होता.

हलक्या पुलीचा पक्ष घेणारा येथे विचारील, की दिसत नसलेल्या धोक्याची कल्पना करणे हे गौरव, म्हणजे कल्पनांचा अनावश्यक भार, नव्हे काय? कमी कल्पनांत भागते तेथे जास्त मानू नयेत, हा लाघवाचा नियम नैयायिकांना प्रिय आहेच. पण लाघव हे कल्पनेचे असते, पुलीचे नव्हे. शिवाय रबरी वलय बसवण्याचा खर्च निर्मात्याने का केला, याचे उत्तर त्या लघु कल्पनेत मिळत नाही. याच्या उलट टोकाचे विधानही टिकत नाही. काही लहान पेट्रोल इंजिनांत मूळची पुलीच सलग असते. तेथे शामक नव्हताच, म्हणून तो गेल्याचे भयही नाही. लांब दांड्याच्या, सरळ रेषेतील सहा सिलिंडरच्या इंजिनात आणि जोरदार स्फोटाच्या डिझेल इंजिनात धोका खरा आहे. ‘पुली बदलली की क्रँक तुटतो’ ही व्याप्ती, म्हणजे दोन गोष्टींचे नियत साहचर्य, म्हणूनच सोपाधिक, अर्थात अटीवर अवलंबून आहे.

आंबेनळी घाटात पोलादपूरहून महाबळेश्वरकडे जाणारी डिझेल इंजिनाची भरलेली प्रवासी जीप ही अट पुरी करते. शिवाय कमी व्यासाच्या पुलीमुळे अल्टरनेटर आणि पट्ट्यावरचा पाण्याचा पंप हळू फिरतात, आणि नेमक्या तेव्हाच, पावसाळी धुक्यात, दिवे व वायपर चालू असताना संथ चढणीवर त्यांची गरज सर्वाधिक असते. शर्यतीच्या गाडीचा मालक इंजिन वरचेवर उघडून पाहतो आणि जोखीम स्वतःच्या पदरी घेतो. जीपमधल्या उतारूंची संमती कोणी घेतलेली नसते, म्हणून तेथे हा व्यवहार प्रमाणशास्त्रातून धर्मविचारात शिरतो, आणि तेथे थोड्या पिकअपचे पारडे वर जाते.

मूळ पुली ठेवणाऱ्यालाही यातून सूट नाही. निर्माता जाणकार आहे म्हणून त्याचा शब्द प्रमाण मानावा, हे आप्तवचनाच्या न्यायाने बरोबर. पण तो शब्द नव्या रबराबद्दल होता. तेल, उष्णता आणि वय यांनी वलय कडक होते, भेगाळते, आणि बाहेरचे कडे आतल्या भागावरून सरकू लागते. ते ओळखण्याचा एक साधा उपाय म्हणजे इंजिन बंद असताना आतल्या भागापासून कड्यापर्यंत, रबरावरून जाणारी एक सरळ रेघ पक्क्या रंगाने ओढून ठेवावी. घाटाच्या काही फेऱ्यांनंतर ती रेघ रबरापाशी तुटून तिचे बाहेरचे टोक पुढेमागे गेलेले दिसले, तर शामकाचे काम संपत आले आहे, हे मग प्रत्यक्षानेच कळते.